डॉक्टर, याला पर्याय आहे का?

पुण्याच्या सीरम इन्स्टिट्यूटमध्ये तयार झालेली गोवर-रुबेला लस २०१७ मध्ये इंडोनेशियातील जावा बेटावर कोट्यवधी मुलांना टोचली गेली. शाळाशाळांतून मोहीम झाली, ठरलेले उद्दिष्ट गाठले गेले. पुढच्या वर्षी, ऑगस्ट २०१८ मध्ये, तीच लस जावाबाहेरच्या बेटांवर पोचली आणि मोहीम अडखळली. लशीत कुठलाही दोष निघाला नव्हता, तिच्यामुळे कुठे मूल दगावले नव्हते. पालक एवढेच विचारत होते, ही लस हलाल आहे का?

इंडोनेशियातील उलेमांची सर्वोच्च संस्था असलेल्या मजलिस उलेमा इंडोनेशियाने २० ऑगस्ट २०१८ रोजी त्यावर फतवा दिला. (आपल्याकडे फतवा म्हणजे फर्मान असे समजले जाते. प्रत्यक्षात फतवा म्हणजे विचारलेल्या प्रश्नावर धर्मशास्त्र जाणणाऱ्याने दिलेले मत.) या फतव्याचे दोन भाग होते. पहिला असा की, लशीच्या निर्मितीत डुकराच्या कातड्यापासून व स्वादुपिंडापासून मिळवलेले घटक आणि मानवी पेशी वापरल्या आहेत, म्हणून तिचा वापर हराम आहे. दुसरा भाग असा की, तरीही ती सध्या वापरायला परवानगी आहे. कारणे तीन दिली होती. गरज निकडीची आहे, हलाल लस उपलब्ध नाही आणि लस न दिल्यास काय धोका आहे हे विश्वासू तज्ज्ञांनी सांगितले आहे. हलाल लस मिळू लागली की ही परवानगी संपेल, असेही त्यात नमूद होते.

लोकांपर्यंत पोचला तो पहिला भाग. कट्टर धार्मिक समजल्या जाणाऱ्या आचे प्रांतात त्या हंगामात लसीकरणाचे प्रमाण दहा टक्क्यांच्याही आत राहिले. गोवराला रोखायचे तर समाजातल्या सुमारे ९५ टक्के मुलांना लस मिळावी लागते. रुबेलाचे गणित आणखी क्रूर आहे. हा आजार मुलांना सौम्य होतो, पण गरोदरपणाच्या पहिल्या तीन महिन्यांत आईला झाला तर बाळाला बहिरेपण, मोतीबिंदू किंवा हृदयदोष होण्याची शक्यता ९० टक्क्यांपर्यंत जाते. म्हणजे आज लस नाकारलेल्या मुलाकडून उद्या शेजारच्या घरातल्या पोटातल्या बाळाला इजा.

लशीत डुकराचा संबंध येतो कुठे, हे आधी पाहू. जिवंत पण दुर्बल केलेला विषाणू लशीत असतो. त्याला कोरडे करून, थंडीत साठवून, हजारो किलोमीटर न्यायचे असते. या प्रवासात तो टिकावा म्हणून जिलेटिन घालतात. जिलेटिन म्हणजे जनावराच्या कातड्यातले किंवा हाडातले कोलॅजेन आम्ल किंवा अल्कली वापरून, उकळून काढलेले प्रथिन. दुसरा पदार्थ ट्रिप्सिन. विषाणू वाढवण्यासाठी पेशी काचेच्या किंवा प्लास्टिकच्या भांड्याला चिकटून वाढतात, त्या सुट्या करायला हे पाचकद्रव्य लागते आणि ते बहुधा डुकराच्या स्वादुपिंडातून येते. नंतर ते धुऊन काढले जाते, अंतिम बाटलीत त्याचा मागमूसही उरेलच असे नाही. आणि मानवी पेशी म्हणजे १९६० च्या दशकात प्रयोगशाळेत रुजवलेल्या, तेव्हापासून पिढ्यान्‌पिढ्या वाढवत आणलेल्या पेशी.

आता फतव्याच्या दुसऱ्या भागाकडे, कारण तोच कमी ऐकला जातो. डुकराचे मांस, रक्त, मेलेले जनावर यांची मनाई कुराणात आहेच, पण ज्या आयतीत ती आहे, त्याच आयतीत (सूरह अल्‌-बकरा, १७३) नाइलाज झालेल्याला सूटही आहे. अट एवढीच की त्याला त्या वस्तूची हाव नसावी आणि त्याने गरजेपेक्षा जास्त घेऊ नये. पुढे शास्त्रकारांनी यावरून दोन सूत्रे बांधली. निकड निषिद्धाला मोकळीक देते, हे पहिले. निकड असेल तेवढीच मोकळीक, हे दुसरे. एकोणिसाव्या शतकात ओटोमन साम्राज्याने जी दिवाणी संहिता केली, त्या ‘मजल्ला’त ही दोन्ही सूत्रे लागोपाठच्या कलमांत, २१ आणि २२ मध्ये, आहेत. त्यांना तोडून वाचले की घोटाळा होतो.

औषधोपचाराच्या बाबतीत तर याहून बोलकी उदाहरणे हदीसमध्ये आहेत. पुरुषांना रेशीम निषिद्ध, पण अंगाला खाज सुटलेल्या दोन सोबत्यांना पैगंबरांनी रेशमी सदरा घालू दिला. पुरुषांना सोनेही निषिद्ध. अरफजा नावाच्या एका सोबत्याचे नाक लढाईत कापले गेले. त्याने चांदीचे नाक बसवले, त्याला दुर्गंधी येऊ लागली, तेव्हा पैगंबरांनी त्याला सोन्याचे नाक लावायला सांगितले. धातुशास्त्राच्या दृष्टीनेही सल्ला योग्यच, कारण शरीरातल्या ओलाव्यात चांदी काळी पडते, सोने गंजत नाही. आणखी एक गोष्ट डोक्याला जखम झालेल्या माणसाची. त्याला स्नान आवश्यक झाले. पाण्याशिवाय चालेल का, असे त्याने सोबतच्यांना विचारले. त्यांनी नाही म्हटले, त्याने स्नान केले आणि तो मेला. पैगंबर त्या सल्ला देणाऱ्यांवर संतापले. माहीत नव्हते तर विचारले का नाही, असा त्यांचा सवाल होता.

याच्या उलट बाजूचीही हदीस आहेत. निषिद्ध वस्तूत ईश्वराने रोग्यासाठी इलाज ठेवलेला नाही, दारू हे औषध नव्हे तर रोग आहे, अशा आशयाची. त्यामुळे शास्त्रकारांत मतभेद झाले. शाफई पंथाचे मोठे पंडित नववी यांनी तेराव्या शतकात मांडले ते असे: दारू सोडून इतर अशुद्ध वस्तूंनी उपचार करता येतो, मात्र तितकीच उपयोगी शुद्ध वस्तू मिळत नसेल तरच. हनफी पंथात सुरुवातीला कडक मत होते, नंतरच्या पंडितांनी दोन अटींवर वाट दिली. या औषधाने गुण येईल असे जाणकार वैद्याने सांगितले पाहिजे आणि दुसरा इलाज नसला पाहिजे. जुन्या ग्रंथांत हा वैद्य मुसलमान असावा असे लिहिलेले आढळते. आजचे अनेक उलेमा त्याचा अर्थ विश्वासू आणि आपल्या विषयातला माहीतगार असा घेतात.

या अटी पुन्हा वाचून पाहा. औषध गरजेचे आहे का? पर्याय आहे का? या दोन्ही प्रश्नांची उत्तरे मुफ्तींकडे नाहीत, ती डॉक्टरकडे आणि फार्मासिस्टकडे आहेत. धर्मशास्त्राने निर्णयाचा अर्धा भाग वैद्यकावर सोपवला आहे आणि आपल्या दवाखान्यांत तो अर्धा भाग बहुतेक वेळा कुणी उचलतच नाही. रुग्ण विचारायला संकोचतो, डॉक्टरला वेळ नसतो किंवा हे आपले काम नाही असे वाटते. मग रुग्ण भांडत नाही. तो मान डोलावतो, औषध घरी नेतो आणि घेत नाही.

मतभेदाचा आणखी एक धागा थेट रसायनशास्त्राशी येऊन भिडतो. वस्तूचे मूळ रूपच पालटले तर तिच्यावरची मनाई उरते का? दारूचा आपोआप व्हिनेगर झाला तर तो हलाल, यावर सर्व पंथांचे एकमत आहे. हनफी पंडित पुढे जातात. मिठागरात जनावर पडून त्याचे मीठच झाले तर ते मीठ शुद्ध, हे त्यांचे जुने उदाहरण. शाफई पंथ हे रूपांतर फार थोड्या बाबतींत मानतो आणि डुकराच्या बाबतीत तर नाहीच. आता डुकराच्या कातड्याचे जिलेटिन झाले, म्हणजे मीठ झाले का? १९८६ मध्ये अम्मान येथे भरलेल्या आंतरराष्ट्रीय इस्लामी फिकह अकादमीच्या सत्रात, डुकरापासूनचे जिलेटिन अन्नात वापरणे मुसलमानाला योग्य नाही, असे मत दिले गेले. १९९५ मध्ये कुवेतमध्ये इस्लामी वैद्यकशास्त्र संघटनेच्या परिषदेत शंभराहून अधिक शास्त्री व तज्ज्ञ जमले, त्यांनी मात्र रूपांतर मान्य करून जिलेटिन शुद्ध ठरवले.

विज्ञानाला विचाराल तर उत्तर अडचणीचे आहे. कोलॅजेनचा तीन पदरी पीळ उकळताना सुटतो, साखळ्या तुटतात, गुणधर्म पार बदलतात. पाण्यात न विरघळणारे कातडे विरघळू लागते. पण तुटलेल्या साखळ्यांत अमिनो आम्लांचा क्रम तोच राहतो आणि तो प्राण्यागणिक थोडा वेगळा असतो. त्यामुळे प्रयोगशाळेत जिलेटिनचा नमुना तपासून ते डुकराचे की गुराचे हे आजही ओळखता येते. हे रूपांतर पुरे की अपुरे, हे यंत्र सांगू शकत नाही. ते ठरवायचे काम शास्त्रार्थाचेच.

महाराष्ट्राच्या दृष्टीने इथे एक बारीक बाब आहे. रत्नागिरी, रायगडमधले कोकणी मुसलमान परंपरेने शाफई आहेत, इंडोनेशियाप्रमाणेच. राज्यातले इतर बहुसंख्य मुसलमान हनफी. त्यामुळे एकाच औषधाबद्दल श्रीवर्धनच्या आणि मालेगावच्या रुग्णाला आपापल्या मौलानांकडून वेगवेगळ्या वाटेने उत्तर मिळू शकते. मालेगावकराला कदाचित ‘रूप पालटले, हरकत नाही’ असे सांगितले जाईल, श्रीवर्धनकराला ‘वस्तू अशुद्धच, पण तुझा नाइलाज आहे’ असे. दोघेही औषध घेतील. फरक पडतो तो पर्याय उपलब्ध असताना, कारण नाइलाजाची वाट तिथे बंद होते.

ती कशी बंद होते, याचा नमुना हज यात्रेकरूंच्या लशीत दिसतो. मेंदूज्वराची लस घेतल्याशिवाय सौदी अरेबिया हजचा व्हिसा देत नाही. २००९ मध्ये इंडोनेशियाच्या उलेमांनी तेव्हा वापरात असलेली लस हराम ठरवून, फर्ज हजसाठी नाइलाज म्हणून तिला मुभा दिली. २०१० मध्ये दुसऱ्या दोन कंपन्यांच्या लशी तपासणीत हलाल ठरल्या. झाले, जुन्या लशीची मुभा त्याच वर्षी काढून घेतली गेली. सवलत कायमची नव्हती, हे तिथे कृतीतून दिसले. लसनिर्मात्यांनीही यातून योग्य तो अर्थ घेतला असणार. जगातल्या सर्वात मोठ्या मुस्लीम देशाची बाजारपेठ कोण सोडतो!

ब्रिटनमध्ये पर्याय ठेवण्याची पद्धत शांतपणे चालते. तिथे गोवर-गालगुंड-रुबेलाच्या दोन लशी वापरात आहेत, एकीत डुकराचे जिलेटिन असते, दुसरीत नसते. पालकांनी मागितली तर दुसरी देतात. मुलांना नाकात फवारायची फ्लूची लस जिलेटिनयुक्त आहे, ती नको असेल तर सुईची मिळते. पर्याय म्हणजे जगाच्या पाठीवर कुठेतरी एखादी बाटली असणे नव्हे. तो या गावात, या किमतीत, आजार गाठण्याच्या आत मिळायला हवा. इंडोनेशियाच्या खेड्यातल्या पालकाला आणि लंडनच्या पालकाला म्हणूनच एकच उत्तर लागू पडत नाही.

मुंबईत गोवंडी परिसरात २०२२ च्या नोव्हेंबरात गोवराची साथ आली आणि मुले दगावली, तेव्हा हलाल-हरामाकडे बोट दाखवण्याचा मोह काहींना झाला. तो अन्याय होता. कोविडच्या काळात चुकलेले डोस, सतत बदलणारी वस्ती, लशीनंतर ताप येईल आणि मजुरी बुडेल ही भीती, अशी बरीच कारणे तिथे होती. महापालिकेने धर्मगुरूंची मदत घेतली ती या सगळ्या कारणांवर मिळून.

लशीपेक्षा कठीण प्रसंग रुग्णालयात येतात. हेपारिन हे रक्त गोठू न देणारे औषध डुकराच्या आतड्याच्या अस्तरातून काढतात. पोटात टोचण्याचे एनॉक्सापॅरिन हे त्याचेच भावंड. डायलिसिस, बायपास, हृदयविकाराचा झटका, पायात झालेली गुठळी, सगळीकडे ते लागते. फोंडापॅरिनक्स नावाचे पूर्णपणे कृत्रिम औषध आहे, काही रुग्णांना ते चालते. पण ते मूत्रपिंडावाटे बाहेर पडते, त्यामुळे मूत्रपिंड निकामी झालेल्याला देता येत नाही. त्याचा परिणाम लगेच उलटवणारा उताराही नाही, म्हणून बायपासमध्ये त्याचा उपयोग नाही. हेपारिन मात्र प्रोटामिनने काही मिनिटांत निष्प्रभ करता येते. म्हणजे पायाच्या गुठळीच्या रुग्णाला पर्याय आहे, ऑपरेशनच्या टेबलावरच्याला नाही. शास्त्राची ‘पर्याय नसेल तर’ ही अट इथे औषधाच्या नावावर ठरत नाही, रुग्णागणिक ठरते.

स्वादुपिंड निकामी झालेल्यांना जेवणाबरोबर जी पाचक कॅप्सूल घ्यावी लागते, तिच्यातली पाचकद्रव्ये डुकराच्या स्वादुपिंडाची असतात आणि तिला तोलामोलाचा पर्याय आज नाही. ती टाळली तर खाल्लेले अंगी लागत नाही, माणूस खंगत जातो. कमी दिवसांच्या बाळाच्या फुप्फुसात सोडायचे सर्फॅक्टंट डुकराच्या फुप्फुसापासून बनते तसे गुराच्याही बनते, पण त्या वेळी अतिदक्षता विभागातल्या फ्रिजमध्ये जे असेल ते द्यायचे असते. हृदयाच्या कृत्रिम झडपा डुकराच्या, गुराच्या किंवा धातूच्या मिळतात. धातूची झडप टिकाऊ, पण तिच्याबरोबर जन्मभर रक्त पातळ ठेवणारी गोळी आली. मूल होऊ देऊ इच्छिणाऱ्या तरुणीला ती गोळी अडचणीची ठरते. हे आधी बसून बोलायचे विषय आहेत, संमतिपत्रावर सही घेता घेता नव्हेत.

इन्सुलिनची भीती मात्र आता सोडून द्यायला हरकत नाही. पूर्वी ते डुकराचे किंवा गुराचे असे. डुकराचे इन्सुलिन माणसाच्या इन्सुलिनपेक्षा एका अमिनो आम्लाने वेगळे, गुराचे तिनांनी. १९८२ मध्ये जीवाणूंकडून बनवलेले मानवी इन्सुलिन अमेरिकेत मंजूर झाले आणि हळूहळू त्याने बाजार व्यापला. तरी ‘इन्सुलिन डुकराचे असते’ हे वाक्य अजून काही घरांत ऐकू येते, आणि त्यापायी सुई लांबणीवर टाकली जाते.

अल्कोहोलचा प्रश्न तुलनेने सुटसुटीत आहे. खोकल्याच्या बहुतेक औषधांचे बिनअल्कोहोलचे प्रकार मिळतात, मागितले की झाले. होमिओपॅथीचे थेंब नको असतील तर गोळ्या आहेत, मात्र त्यांच्यावरही अल्कोहोलचेच द्रावण टाकलेले असते. आयुर्वेदातली आसवे आणि अरिष्टे आंबवूनच बनतात, त्यांत अल्कोहोल आपोआप तयार होते. तिथे वैद्यांना विचारून काढा किंवा चूर्ण घेता येते. जखमेवर लावायच्या स्पिरिटला बहुतेक उलेमांची हरकत नसते.

रोजच्या आयुष्यात सर्वाधिक गाठ पडते ती साध्या कॅप्सूलशी. तिचे कवच जिलेटिनचे. भारतात ते प्रामुख्याने गुराम्हशींच्या हाडांपासून बनते, त्यामुळे इथे प्रश्न डुकराचा कमी आणि जनावर कसे कापले याचा जास्त. तो शाकाहारींचा आणि जैनांचाही प्रश्न आहे, फक्त वेगळ्या कारणाने. सेल्युलोजपासूनची वनस्पतिजन्य कवचे मिळतात, पण महाग पडतात. पाकिटावर जिलेटिन लिहिलेले असले तरी कोणत्या प्राण्याचे, हे सहसा नसते. खाद्यपदार्थावर हिरवा-तपकिरी ठिपका पाहायची सवय लागलेल्या ग्राहकाला औषधाच्या पट्टीवर तो सापडत नाही.

इथे काही जण स्वतःच उपाय शोधतात. कॅप्सूल उघडून आतली पूड पाण्यातून घेतात. डॉक्टरांना न विचारता असे करू नका. ओमेप्राझोलसारख्या औषधाचे दाणे जठरातल्या आम्लापासून वाचावेत म्हणून लेप दिलेले असतात, ते चावले किंवा कुटले तर औषध पोटातच नष्ट होते. दिवसभर हळूहळू सुटणारे औषध एकदम रक्तात उतरू शकते. डॉक्सिसायक्लीनची पूड अन्ननलिकेला चिकटली तर तिथे व्रण पडतो. त्याऐवजी मेडिकलच्या काउंटरवर असलेल्या फार्मासिस्टला सरळ सांगा, हेच औषध गोळीत किंवा पातळ स्वरूपात आहे का पाहा. डॉक्सिसायक्लीनची गोळी मिळते. ड जीवनसत्त्वाच्या मऊ कॅप्सूलऐवजी पुडी किंवा थेंब मिळतात. डॉक्टरांनी चिठ्ठीवर बदल करून दिला की काम दोन मिनिटांचे आहे. जिथे बदल शक्य नाही, तिथे ‘याला पर्याय नाही’ हे वाक्य डॉक्टरांकडून स्पष्ट मागून घ्या, जमल्यास केसपेपरवर लिहूनच घ्या. मौलानांना दाखवायला तोच कागद लागणार आहे.